रोवण्याचे सात दिवस

सत्तरच्या दशकाच्या मध्यात मी साकोलीजवळच्या एका कवेलूच्या, म्हणजे छपराच्या कौलांच्या, कारखान्यात हजेरी बाबू म्हणून लागलो, तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अकरा वर्षं तिथे काढली. रोज सकाळी साडेसातला दारात बसून माणसं मोजायची, हे माझं काम. त्यातली एकतीस माणसं एका श्रावणात माझ्या यादीमुळे पटावरून कमी झाली. यादीतला एकही आकडा चुकलेला नव्हता. तरी त्यातल्या एका माणसाचं नाव लिहिताना मी चूक केली, आणि ती मला तेव्हाच कळत होती. ते सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

कारखाना म्हणजे चार लांब शेड, एक माती मळायचं यंत्र, कवेलू दाबायची सहा यंत्रं, वाळवणाच्या लाकडी फळ्यांच्या रांगा आणि टोकाला भट्टी. लोक या कवेलूंना इंग्रजी कवेलू म्हणत. माती आजूबाजूच्या तलावांची. उन्हाळ्यात तलाव आटले की गाळ खणून आणायचा, अंगणात त्याचा ढीग रचायचा आणि तो वर्षभर पुरवायचा. पटावर एकशे चौतीस माणसं होती, त्यांत एकेचाळीस बाया. सगळी दहा-बारा गावांतली. कोणाकडे दोन-तीन एकर धान, कोणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलावावर जाळं टाकायचं काम. कारखाना त्यांच्यासाठी दुसरी शेती होती, पहिली नव्हे. ही साधी गोष्ट मी त्याच मातीतला असून माझ्या वहीत कुठे लिहिलेली नव्हती.

प्रत्येकाला नंबरचा पितळी बिल्ला होता. आत येताना खुंटीवरचा आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. आठ वाजता मी पेटीतले आणि खुंटीवरचे बिल्ले मोजायचो. दोन्हींची बेरीज एकशे चौतीस आल्याशिवाय मी चहाला हात लावत नसे. एकदा बेरीज एकशे पस्तीस आली, तेव्हा सगळं दार थांबवून धरलं होतं. कोणीतरी बैलाच्या गळ्यातलं पितळी पदक पेटीत टाकलं होतं. "बाबू, बैलाचीबी हजेरी लावा ना जी, तोबी राबतेच ना," असं मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा पाळीचा घोळका हसत आत गेला. मला मात्र तेव्हा हसू आलं नव्हतं.

आज आठवतो तो ओल्या मातीचा आणि भट्टीच्या धुराचा मिळून येणारा वास. दुपारी जेवणाच्या सुटीत बाया शेडच्या सावलीत शिदोऱ्या सोडायच्या. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, तलावातल्या वाळवलेल्या झिंग्यांची चटणी. मी साकोलीला खोली करून राहत असे आणि माझ्या डब्यात स्वतः केलेल्या दोन जाड पोळ्या आणि बटाटा असायचा. तो डबा पाहून बायांना माझी कीव यायची. "बाबू, हे काय कवेलू भाजून आनले काय डब्यात?" असं म्हणत कोणीतरी चटणी वाढायची.

भट्टी एका माणसाच्या हातात होती. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, भुवया नेहमी होरपळलेल्या. तो कारखाना सुरू झाल्यापासून होता. भट्टीत एका वेळी आठ हजार कवेलू रचले जायचे. आग धरायची, ती हळूहळू चढवायची, मग तोंड लिंपून भट्टी निवू द्यायची. सगळा खेळ आग कधी थांबवायची आणि तोंड कधी उघडायचं यात होता. मिस्त्री भिंतीतल्या भोकाला डोळा लावून जाळाचा रंग बघायचा. मी एकदा विचारलं, कसं कळतं? तो म्हणाला, "जाळ पिवळा झाला हे कोनालेबी दिसते. पिवळा होऊन किती वेळ झाला, ते ध्यानात ठेवा लागते."

आमचे जुने मॅनेजर याच जिल्ह्यातले, धोतर नेसणारे. गाडी माल न्यायला उभी असली की ते भट्टीपाशी जाऊन विचारायचे, "उघडायची का?" मिस्त्री लिंपलेल्या तोंडावर तळहात ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "आज नाई जी." मॅनेजर तसेच परत फिरायचे आणि गाडीवाल्याला चहा पाजायचे. मला तेव्हा वाटायचं, इथे साहेब नेमका कोण?

जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि पुण्याकडचे नवे साहेब आले. ते वाईट होते असं कोणाला वाटू नये, म्हणून आधीच सांगतो. बायांसाठी आडोशाची जागा आणि पिण्याच्या पाण्याचा नळ त्यांनी पहिल्या महिन्यात करून घेतला. माती मळायच्या यंत्राला जाळी बसवली, कारण त्यात एकाचं बोट गेलं होतं. कामगाराला नावाने आणि 'अहो' करून हाक मारणारे ते पहिलेच. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचं अक्षर चांगलं आहे आणि बेरीज चुकत नाही. मला मागच्या वर्षाचे महिनावार आकडे काढून द्या. किती माणसं आली, किती कवेलू निघाले, किती फुटले."

मला कोणी असं काही पहिल्यांदाच विचारत होतं. मी साकोलीच्या दुकानातून आलेखाचा कागद आणला आणि तीन रंगांच्या पेन्सिलींनी तीन रेघा काढल्या. आषाढ-श्रावणात हजेरीची रेघ खाली गेली होती, उत्पादनाचीही खाली, आणि फुटीची रेघ तेवढीच वर. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला.

"हे स्पष्टच आहे," ते म्हणाले. "माणसं येत नाहीत, म्हणून काम बिघडतं."

मी मान हलवली. कागद माझा होता, त्यामुळे त्यावरून काढलेला अर्थही मला माझाच वाटला.

वैशाखात फळ्यावर सूचना लागली. लेखी अर्ज देऊन मंजुरी घेतल्याशिवाय सलग सहापेक्षा जास्त कामाचे दिवस गैरहजर राहील, त्याचं नाव पटावरून कमी होईल. मी ती सूचना दारात तीन दिवस मोठ्याने वाचून दाखवली. लोकांनी ऐकली. आमच्याकडे लोक ऐकतात आणि मग बघतात, की सांगणारा कितपत मनापासून सांगून राहिला आहे. त्याआधीच्या इतक्या वर्षांत रोवण्यासाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, एकानेही अर्ज दिला नव्हता. सांगून जायची पद्धत होती. तोंडी, वाटेत, बाजारात, जिथे भेट होईल तिथे. सांगितलं, समोरच्याने 'बरं' म्हटलं, की झालं.

पाऊस लागला, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, वीतभर झाले आणि रोवणा सुरू झाला. माझ्या वडिलांची सानगडीच्या बाजूला सव्वातीन एकर धानाची बांधी होती. मी रविवारला जोडून तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली. अर्ज लेखी, मंजुरी लेखी. कार्यालयातल्या माणसाला वर्षाला अशा दहा रजा मिळत. भट्टी आणि शेडमधल्या माणसांना अशी रजाच नव्हती.

रजेच्या पहिल्या दिवशी सकाळी बांधावर पोचतो तर मिस्त्री, त्याची बायको आणि मेहुणा आमच्या चिखलात उतरलेले. रोवणा आमच्याकडे एका घराने होत नाही. आज तुझी बांधी, उद्या माझी. आठवड्यापूर्वी माझे वडील आणि भाऊ मिस्त्रीच्या वरच्या बांध्यांमध्ये राबून आले होते, त्याच्या बदल्यात तो आज आमच्याकडे. मी पायजमा गुडघ्यावर गुंडाळून खाली उतरलो. दोन ओळी रोवून होतात न होतात तोच मिस्त्रीची बायको ओरडली, "हे पाहा बाई, बाबूनं पांदन पाडली! वळ हाये का बैलगाडीची वाट हाये?"

"बोरू चालते त्याचा," माझे वडील म्हणाले. "हात नाई चालत."

"मंग बोरूनं रोवा म्हनाव!"

सगळा बांध हसला. मीही हसलो. मिस्त्री माझ्या शेजारी होता. पऱ्ह्यांची जुडी सोडता सोडता तो म्हणाला, "बाबू, मी आनखी पाच दिवस येत नाई कारखान्यात. माह्या खालच्या बांध्या हायेत, मंग सासऱ्याचा रोवना. सांगून ठेवतो."

"बरं," मी म्हणालो.

पाणी पोटरीपर्यंत होतं, पाठ दुखत होती, आणि मला वाटलं आपण एका साध्या गोष्टीला साधं उत्तर देतो आहोत.

रोवणा आटोपल्यावर साहेबांनी यादी मागितली. मी हजेरीपट समोर घेऊन एकेका नंबरचे लागोपाठचे गैरहजर दिवस मोजले. सहापेक्षा जास्त असलेले एकतीस निघाले. मिस्त्रीचे सात. मी तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हाही सातच. त्यातला दुसरा दिवस माझ्या वडिलांच्या बांधीतला. तो वजा केला तर उरतात सहा. त्याच दिवशी माझ्या नावापुढे 'रजा' लिहिलेलं होतं आणि त्याच्या नावापुढे 'गैरहजर'. दोन्ही माझ्याच अक्षरात.

मी टाक खाली ठेवला, हे खरं आहे. मग मी सूचना पुन्हा वाचली. त्यात 'लेखी अर्ज' असं होतं. चिखलात सांगितलेलं लिहायला माझ्या वहीत रकाना नव्हता. मी स्वतःला सांगितलं, एकाला सूट दिली तर तिसांवर अन्याय होईल. हे म्हणणं खोटं नव्हतं. पण ते मी शोधून काढलं होतं, कारण साहेबांसमोर उभं राहून 'मला सांगितलं होतं आणि मी बरं म्हणालो' हे बोलायची मला लाज वाटत होती. मी त्याचं नाव एकोणिसाव्या ओळीत लिहिलं.

पुढच्या सोमवारी एकतीस जणांना बिल्ले जमा करायला सांगितले. कोणी शिव्या दिल्या, कोणी बिल्ला टेबलावर आपटला, एक बाई नुसतीच उभी राहिली. मिस्त्री सगळ्यांत शेवटी आला. टेबलावर वाकून, मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्याने विचारलं, "म्या तुमाले सांगतलं नवतं का जी?"

"अर्ज नव्हता," मी म्हणालो.

"चिखलात अर्ज कायच्यावर लिवू?"

त्याने बिल्ला माझ्या वहीवर ठेवला आणि गेला. तो मोठ्याने बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने माझी अब्रू राखली होती, आणि माझ्याकडून त्याची राखली गेली नव्हती.

महिन्याभरात नवी माणसं लागली. पट पुन्हा एकशे चौतीस झाला. माझी बेरीज रोज बरोबर येत होती. भट्टीवर दुसऱ्या कारखान्यात काम केलेला एक तरुण माणूस ठेवला. कामाला चांगला, पण आमची माती त्याने आधी कधी भाजलेली नव्हती. दसऱ्याआधी शाळांच्या छपरांसाठी मोठी मागणी आली. पहिल्या भट्टीत शंभरातले एकोणीस कवेलू तडकलेले निघाले. मिस्त्रीच्या वेळी शंभरात सहा-सात जायचे. दुसऱ्या भट्टीत बावीस. तिसरी उघडताना मी तिथे होतो. गाडी दारात उभी होती, साहेबांनी विचारलं, "उघडायची का?" नव्या माणसाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि म्हणाला, "उघडू ना साहेब, तुम्ही म्हणता तर." तोंड फोडल्यावर आतून गरम हवेचा झोत आला, आणि पाठोपाठ टिक्‌ टिक्‌ असा बारीक आवाज. तडे जायचा तो आवाज होता. साहेब तो ऐकत उभे राहिले. मला तिथे थांबवेना.

त्या तरुणाचा त्यात दोष नव्हता. भट्टी निवलेली नाही हे त्यालाही समजत असावं. पण 'आज नाही' म्हणायला माणसाच्या मागे वर्षं लागतात. बारा-तेरा वर्षांत एखादी भट्टी बिघडवून, ती निस्तरून, साहेबाचा विश्वास कमवून मग ते दोन शब्द तोंडातून निघतात. पटावरचं एक माणूस काढून तिथे एक माणूस घातलं की माझी बेरीज जुळत होती. भट्टीची जुळत नव्हती.

मी जुनं कपाट उघडलं. जुन्या मॅनेजरांच्या हातच्या भट्टीच्या वह्या त्यात होत्या, वर उंदरांनी कोपरे खाल्लेले. पाच दिवस दुपारच्या सुटीत जेवायला न जाता मी त्या वाचल्या. महिना न धरता एकेका भट्टीची तारीख, ओल आणि फूट वेगळी मांडली. तेव्हा दिसलं की दरवर्षी आषाढाच्या शेवटाला पंधरा-अठरा दिवस भट्टी पेटवलेलीच नव्हती. नोंद फक्त 'डागडुजी' एवढीच. श्रावणात फूट जास्त होती ती माणसं नव्हती म्हणून नव्हे. त्या महिन्यातले कवेलू भर पावसात थापलेले, हवा ओली, फळ्यांवर ते नीट वाळायचेच नाहीत. जुन्या मॅनेजरांनी दोन अडचणी एकाच खड्ड्यात घातल्या होत्या. माल वाळत नाही तेव्हा भट्टी बंद, आणि माणसं शेतात तेव्हाच. भट्टीच्या विटा बदलायचं काम त्याच दिवसांत, उरलेल्या थोड्या माणसांकडून. एका वर्षी घाईच्या मागणीपायी त्या दिवसांत भट्टी पेटवली होती. त्या वर्षी निम्मा माल फुटलेला होता, आणि समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा नाही.'

म्हणजे माझ्या कागदावरच्या दोन रेघा एकाच वेळी वर-खाली झाल्या होत्या, एवढंच खरं होतं. एकीने दुसरीला ओढलं, हे आम्ही दोघांनी त्यात घातलेलं. हल्ली यावर जाड पुस्तकं निघतात. माणसांची आखणी कारखान्याच्या आखणीशी जुळली तर माल सुधारतो, असं त्यांत लिहिलेलं असतं. आमच्या वेळी 'मनुष्यबळ' हा शब्द साकोलीपर्यंत आला नव्हता. 'लेबर' म्हणत. पण धोतरवाल्या म्हाताऱ्याने ती आखणी केलेली होती. ती त्याने कोणाला सांगितली नाही, आणि त्याच्यासोबत गेली.

मी वह्या घेऊन साहेबांकडे गेलो. आधी ओल आणि भट्टीचं सगळं दाखवलं. मग म्हणालो, "साहेब, आणखी एक आहे. मिस्त्रीने मला सांगितलं होतं. मी बरं म्हणालो होतो. आणि त्याच्या सात दिवसांतला एक दिवस तो माझ्या वडिलांच्या शेतात होता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुमची रजा आणि त्याची गैरहजेरी एकाच चिखलात होती," ते म्हणाले.

"हो."

"हे तुम्ही श्रावणात सांगायला हवं होतं."

"हो."

"आणि मी विचारायला हवं होतं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "मी आकडे मागितले. कारण विचारलं नाही. आता काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

मी कागदावर लिहूनच नेलं होतं. रोवण्याचे पंधरा दिवस भट्टी बंद, हे आधीच जाहीर करायचं. जेठ महिन्यात प्रत्येकाने आपले दिवस सांगायचे. लिहिता येत नसेल त्याचे मी लिहून घ्यायचे, शेतात सांगितले तरी. प्रत्येक यंत्रावर आणि भट्टीवर दुसरं माणूस शिकवून तयार ठेवायचं. आणि गेलेल्या एकतीस जणांना जुनी नोकरी धरून परत बोलवायचं, नव्यांना न काढता. साहेबांनी मालकांशी बोलून एका वर्षासाठी मंजुरी आणली. मग मला म्हणाले, "मिस्त्रीकडे तुम्ही जा. मी आलो तर तो साहेबाला हो म्हणेल. मला तसं हो नको आहे."

मी सायकलने गेलो. हलक्या धानाची कापणी चालली होती. मिस्त्रीच्या बायकोने मला बांधावरूनच पाहिलं.

"या जी, या," ती म्हणाली. "नाव खोडाले आले का? आता घरच्या दारावरचं खोडता काय?"

मिस्त्री विळा घेऊन वाकलेला होता, तो तसाच राहिला. मी चप्पल काढून बांधीत उतरलो आणि सगळं सांगितलं, भट्टीचं, वह्यांचं, साहेबांचं. त्याने फक्त एक विचारलं, "पोराचा दोष नाई धरला ना त्या? नव्या मिस्त्रीचा?"

"नाही. त्याला ठेवून घेतलाय. तुम्ही शिकवायचं."

"मी येत नाई," तो म्हणाला.

"काहून जी?" माझ्या तोंडून आमच्या घरची बोली निघाली.

तो उभा राहिला. "बाबू, गावात सारे म्हनून राहिले, मिस्त्री न सांगता पळाला, म्हनून काढला. माह्या मेहुन्याच्या सोयरिकीत बोलले लोक. मी तेरा वर्ष भट्टी सोडून कधी न सांगता गेलो नाई. सांगतलं होतं हे तुमाले माहीत आणि मले माहीत. तिसऱ्याले कोनाले माहीत हाये?"

"साहेबांना सांगितलं मी."

"सायबाले कायले? दारात सांगा. सकाळच्याला, सारे असतात तवा. नाई तर तुमची भट्टी तुमाले लखलाभ."

परत येताना सहा मैलांत मी तीन वेळा ठरवलं की आधी साहेबांची परवानगी घेऊ, आणि तिन्ही वेळा लक्षात आलं की मी पुन्हा अर्ज शोधतो आहे.

दोन दिवसांनी, सोमवारी सकाळी साडेसातला मी टेबलावर न बसता दारात उभा राहिलो. पाळीची माणसं जमली होती. मिस्त्री रस्त्याच्या पलीकडे, बाभळीखाली बायकोसोबत उभा होता. आत यायला तयार नव्हता. मी हात पाठीमागे बांधले.

"मिस्त्रीने रोवण्याच्या वेळी मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी बरं म्हणालो होतो. त्या दिवशी तो माझ्या वडिलांच्या बांधीत राबत होता. मी ते साहेबांना सांगितलं नाही आणि त्याचं नाव यादीत लिहिलं. चूक माझी. तो न सांगता गेला नव्हता."

मग शेडमधली एक म्हातारी बाई, जी वाळवणावर होती, ती म्हणाली, "मंग तुमाले किती दिवसाची गैरहजेरी लावाची जी, बाबू?" लोक हसले. ते हसणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. साहेब कार्यालयाच्या पायरीवर उभे होते. तेही ऐकत होते. मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा आता. उभा काहून हायेस?" तो रस्ता ओलांडून आला आणि माझ्याकडे न बघता सरळ भट्टीकडे गेला.

एकतीसपैकी बावीस परत आले. चौघं नाकाडोंगरीकडे मॅंगनीजच्या खाणीत लागले होते, तिघं नागपूरला गेले होते, दोन बाया घरी बिड्या वळायला बसल्या होत्या. त्या दोघींकडे मी दोनदा गेलो. एक म्हणाली, "बिडी कोनाची हजेरी घेत नाई." त्या नऊ जणांचा भार माझ्यावर आहे. तो कमी करून लिहिण्यात अर्थ नाही.

मिस्त्रीची पहिली भट्टी उघडली ती पाचव्या दिवशी. गाडी दीड दिवस थांबून राहिली आणि साहेबांनी गाडीवाल्याला चहा पाजला. फूट शंभरात आठ. नवा माणूस मिस्त्रीच्या शेजारी भोकाला डोळा लावून उभा राहायचा आणि मिस्त्री त्याला शिकवताना शिव्या द्यायचा. त्या शिव्यांवरून आम्हाला कळायचं की तो नीट शिकवतो आहे. पण माझ्याशी मिस्त्री कामापुरतंच बोलायचा. त्या वर्षभरात त्याने मला एकदाही चेष्टेचा शब्द लावला नाही.

पुढच्या आषाढात भट्टी ठरल्या दिवशी बंद झाली. त्याआधी जेठात सत्त्याण्णव माणसांचे दिवस मी लिहून घेतले होते. त्यांतले एकसष्ट तोंडी. माझ्या वडिलांना मी म्हणालो, "या वेळी आधी मी मिस्त्रीच्या बांधीत जातो." ते म्हणाले, "जाय. पन तो येईन का नाई, ते विचारू नको."

मी विचारलं नाही. सकाळी जाऊन चिखलात उतरलो. मिस्त्रीने मला पाहिलं, बांधावरची पऱ्ह्यांची एक जुडी उचलली आणि माझ्याकडे फेकली. ती पाण्यात पडली आणि चिखल माझ्या तोंडावर उडाला. त्याची बायको हसू दाबत दुसरीकडे वळली. दिवसभरात मी सहा ओळी रोवल्या, त्यांतल्या दोन तिने उपटून पुन्हा लावल्या. संध्याकाळी बांधावर भात खाताना मिस्त्री म्हणाला, "उद्या तुमच्याकडं किती मानसं लागतीन?"

"सात," मी म्हणालो.

"पाच पुरे," तो म्हणाला. "तुमी धरून सात लागतात. तुमी बांधावर बसा, मंग पाच."

तो पाच जणांना घेऊन आला. मी बांधावर बसलो नाही. आमची बांधी त्या वर्षी दीड दिवसात झाली, आणि तिसऱ्या दिवशी तो सासऱ्याच्या गावाला गेला.